गिरणी चालू असताना

गुरुवार, ७ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. गुडघा आता वाकत असेल, असं धरून चालतो. परवा फोनवर तू बोलत राहिलीस आणि मी नुसता हं हं करत राहिलो, त्याचा तुला राग आलाच असणार. फोन कानाला लावला की मला काही सुचत नाही. त्यात गिरणीच्या आवाजाने कानही पूर्वीचे राहिले नाहीत. म्हणून लिहायला बसलो. 'इकडे सर्व ठीक आहे' अशी सुरुवात केली होती, तो कागद फाडला.

गिरणीचा पट्टा बदलला. थंडी पडू लागली आहे. तुझी भावजय बरी आहे, पीठ जाडं आलं म्हणून मला नावं ठेवण्याइतकी बरी आहे.

उन्हाळ्यात आरोग्य केंद्रावर एक शिबिर झालं, ते तुला सांगायचं राहून गेलं. घरात मार खाणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना गावातल्या गावात कुणाचा तरी आधार असावा, म्हणून चौघांना निवडलं. नर्सबाई, शाळेतल्या धाकट्या बाई, किराणावाली आणि मी. मी म्हटलं, "अहो, मी सातवी शिकलेला माणूस, मला यातलं काय कळणार?" शिबिराच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे गावातलं प्रत्येक घर येतं. आणि गिरणी चालू असली की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नाही." किराणावाली लगेच म्हणाली, "यांनाही जात नाही, तेवढं लक्षात असू द्या." सगळे हसले, मीही हसलो. पण इतकी वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर ओठांवरून बरंच समजतं, ताई.

शिबिरात शिकवलं ते सोपं वाटलं होतं. विचारायचं कमी, ऐकायचं जास्त. समेट घडवायला मध्ये पडायचं नाही, नर्सबाईंना कळवायचं. आणि मुलाने काही सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. मी मान डोलावून घरी आलो.

त्यानंतर तुझी नात दळण घेऊन येऊ लागली. आज आली की उद्या पुन्हा हजर. एकदा तिचा डबा उघडला तर आत पीठच. मी चारचौघांत थट्टा केली, "काय गं, तुझ्या आईला धान्य आणि पीठ यातला फरक कळेनासा झाला का?" बायका हसल्या. पोर खाली बघत राहिली. तिला दळायचं नव्हतंच, तिला घराबाहेर राहायचं होतं, हे शिबिर करून आलेल्या माझ्या डोक्यात शिरलं नाही. ती थट्टा दिवस मावळायच्या आत तुझ्या मुलापर्यंत पोचली. 'गाव माझ्या बायकोला हसतं', असं त्याने घेतलं. नर्सबाई म्हणतात, "ते नुसतं निमित्त होतं, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका." मला मात्र अजून निमित्त आणि कारण वेगळं करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा आली. शेवटचं दळण संपवून मी गिरणी थांबवायला गेलो तर म्हणाली, "आजोबा, बंद करू नका ना." मग आवाज चालू असताना ती बोलली, आणि मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. आईचा हात वाकडा झालाय. आई म्हणते, पडले म्हणून सांग. तुम्ही कुणाला सांगू नका.

ताई, तुला तो 'दोन चापट्या' म्हणाला असेल. सूनबाईचा हात मोडला आहे. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर आहे. परवा हेच मला सांगता आलं नाही. तू फोनवर "घरातलं घरात ठेव, माझ्या लेकराला पोलिसांत द्यायला निघालास का?" म्हणत होतीस, आणि सूनबाई माझ्यासमोर बसून डाव्या हाताने पोरीची वेणी घालायला बघत होती. तक्रार द्यायची की नाही, ते तिने अजून ठरवलेलं नाही. मी देणारा कोण?

मी पोरीच्या कानाशी वाकून म्हणालो, "मी नर्सबाईंना सांगणार आहे." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, डबा उचलला आणि गेली. नर्सबाई तडक त्यांच्या घरी गेल्या. तेव्हापासून मायलेकी आमच्याकडे आहेत आणि पोर माझ्याशी बोलत नाही. तुझ्या भावजयीशी बोलते, खिदळते. मी आत आलो की गप्प. शिकवलं तसंच वागलो, तरी असं का व्हावं? चुकलो असतो तर चूक सुधारली असती. आता सुधारू काय?

नर्सबाईंना म्हटलं, यातून मला काढा, मी मुलाचा मामा आहे. त्या म्हणाल्या, "मदतनीस म्हणून काढते. मामा म्हणून कसं काढू?"

तो गिरणीत आला होता. पोत्यावर बसला. म्हणाला, "मामा, मला खांद्यावर घेऊन फिरलास. आता माझीच पोर माझ्यापासून लपवतोस?"

"लपवलेली नाही. आमच्या घरी आहे, सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग पाठव."

"नाही."

"मी काय राक्षस आहे का रे?"

मी नाही म्हणालो. आणि ते खरं आहे. तो राक्षस असता तर मला निदान झोप लागली असती. आरोग्य केंद्रावर रागाबद्दल बोलायला पुरुषांची बैठक असते, तिथे चल म्हटलं. "तिथे काय, वेडे जमतात?" म्हणाला. मी म्हटलं, "मीही जातो." "म्हणजे वेडेच," म्हणाला आणि हसला. लहानपणी हसायचा अगदी तसा. मग डोळे पुसत उठला आणि गेला.

शिबिरात एक दुपार फक्त मुलांवर होती. बाई म्हणाल्या, जे मूल मार बघतं, ते मारच खात असतं. मला तुझं पहिलं बिऱ्हाड आठवलं. मी तुला भेटायला यायचो. भाऊजींची सायकल दारात वाजली की तुझा हा थोरला कोठीच्या मागे जाऊन बसायचा. तू म्हणायचीस, "लपाछपी खेळतोय रे." आणि मीही त्याला शोधायला जायचो, हसत. भाऊजी गेले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. लिहिलं.

पण मग तुझा धाकटा? तोही त्याच घरात वाढला आणि तो मुंगीवर पाय देत नाही. मी बाईंना विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, "आधीच ठरलेलं काही नसतं." मग मी दोष कुणाला द्यायचा, आणि सोडायचं कुणाला? रोज सकाळी देवापुढे उभा राहतो आणि काय मागायचं तेच कळत नाही. तुझ्या मुलासाठी मागितलं की पोरीशी बेइमानी झाल्यासारखं वाटतं. नाही मागितलं, तर तो कोठीमागचा पोरगा डोळ्यांसमोर येतो.

रविवारी येऊन दोघींना परत नेऊन पोचवणार, असं तू म्हणालीस. ये. पण आधी त्याच्याकडे जा. तो या जगात कुणाचं ऐकलंच तर तुझं ऐकतो. त्याला समजावू नकोस, रडू नकोस, शपथा घालू नकोस. एवढंच सांग, की त्या बिऱ्हाडात तुला लागायचं. हे तू आजवर कुणाजवळ बोलली नाहीस, मला ठाऊक आहे. नर्सबाई म्हणाल्या, "ताईंवर हे ओझं टाकू नका, त्यांची इच्छा असेल तरच." म्हणून तुझी इच्छा असेल तरच. त्याने काही होईल का, ते मला माहीत नाही. कदाचित तो उठून निघून जाईल.

मग आमच्याकडे ये, एकटी. सूनबाईला जायचं असेल तर ती जाईल. मी तिला विचारलं, तिने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तिच्या वतीने मी देणार नाही, तूही देऊ नकोस. तो तुझ्याबरोबर असला तर मी दार उघडणार नाही. तू बाहेर उभी असलीस तरी नाही.

हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडलं नाही.

रागाव, पण ये.

तुझा धाकटा भाऊ,
आणि अजूनही त्याचा मामा