बाबांच्या कपाटाचा वास

दादा,
बाबांचं कपाट व्हिनेगरने पुसलं, आत सोडा ठेवला, दोन दिवस ऊन दिलं, तरी कुबट वास जाईना. म्हणून आज खालचा खण पुरता बाहेर ओढला. त्याच्यामागे बाबांचे सात पायजमे कोंबलेले होते, लघवीने भिजलेले, बुरशी आलेले. वळून बघते तर बाबा दारात. "मी धुणार होतो गं," एवढंच म्हणाले आणि खाली बघत राहिले.

पायजमे मशीनला लावलेत, तू वाळत घाल. मी डॉक्टरांना विचारून येते. काल तू बाबांच्यादेखत नाक दाबलंस, मीही हसले. वहिनीने विचारलं तर सांग, लाकूड जुनं आहे, ओल धरतं.

— छोटी