नाव गुप्त राहावे म्हणून पंगत

रा. रा. गेणभाऊ पाव्हणे यांना सावळारामचा रामराम. आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का ते कळवावे. कार्डच टाकणार होतो, पण आमचा पोस्टमन जानकू कार्ड वाचूनच पोचवतो, म्हणून आंतरदेशीय घेतले. वाचून झाल्यावर चुलीत घालावे.

तुमची भाची, आमची अश्विनी, भीमाशंकरच्या वाटेवरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. गेल्या महिन्यात तिथे कुत्रे चावलेला पेशंट आला. इंजेक्शन संपले होते, घोडेगावला न्या म्हणाली, तर पेशंटच्या भावाने तिला लोखंडी स्टूल फेकून मारले. कपाळाला टाके पडले. तिने तक्रार केली, पण आता त्याचे भाऊबंद आमच्या दारात येऊन गळ घालतील, दम देतील, याची तिला धास्ती. तसे झाले तर साक्ष देणार नाही आणि नोकरीही सोडीन, असे तिने सांगून टाकले. तिथल्या डॉक्टरीणबाई खमक्या. त्यांनी कोर्टात अर्ज करवला आणि जज्जसाहेबांनी तो मानला. कागदावर घरचा पत्ता नाही, दवाखान्याचा. साक्षीच्या वेळी बघे बाहेर. पेपरात नाव नाही. (मार खाणाऱ्याला लपायची सोय कायद्यात असते, हे मला या वयात कळले. इतके दिवस वाटायचे, ती सोय मारणाऱ्यालाच असते.) "दादा, आता फक्त तुमी गप राहा," अश्विनी म्हणाली.

मी गप राहिलोही असतो. पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून फुटले तर, या धास्तीने घरोघर जाऊन, आमच्या अश्विनीला मारले हे कोणाला सांगू नका, असे बजावून आलो. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही आधीच सावध केले. तरी जीव राहीना, म्हणून गावच्या हरिनाम सप्ताहात एक पंगत कबूल केली. पंगत कोणाची ते आमचा माइकवाला भगवंत पुकारून सांगतो, ही आपली रीतच. त्याला म्हटले, बाबा, अश्विनीचे नाव गुप्त राहावे म्हणूनच पंगत आहे, तेवढे सांभाळ. भगवंत सरळ माणूस. आमचा कर्णा ओढ्यापलीकडे ऐकू जातो. "आजची पंगत आपल्या दादांची, त्यांच्या अश्विनी सिस्टरचं नाव गुप्त ऱ्हावं म्हणून. नाव कुनी कुनाला सांगू नये, ही विनंती." मी भाताची पाटी तिथेच ठेवली आणि घरी येऊन गोधडी ओढून पडलो.

ओढ्यापलीकडे नेमके त्या मारणाऱ्याचे पाव्हणे. पुढच्याच आठवड्यात त्याचा मामा एसटीतून उतरला. पारावर भाजी विकणाऱ्या ठमाबाईला त्याने सिस्टरचे घर विचारले. "सिस्टर? हितं म्हशीचा डाक्टर येतो. लईच दुखलं तर आमी बी त्यालाच दाखवतो," ती म्हणाली. जानकू म्हणाला, या नावाचे टपाल मी कधी आणले नाही. भगवंताने सांगितले की आमचा माइक कधीचा बंद आहे. (मागे कर्णा वाजतच होता.) शेवटी मामा पाणी प्यायला टेकला तो आमच्याच ओट्यावर. आत भिंतीवर अश्विनीचा पांढऱ्या कपड्यातला फोटो. तुमच्या बहिणीने त्यावर माझी बंडी अडकवली. मामाने विचारले, तुम्हाला मुली किती? मी म्हणालो, एकही नाही. गेणभाऊ, जिला खांद्यावर बसवून ओझरचा गणपती दाखवला तिला नाही म्हणताना मी टोपी काढून डोळे पुसले. मामाला वाटले, मला लेकीची हौस राहून गेली. बराच वेळ तो माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला, मग गेला.

हे फोनवर ऐकून अश्विनी टाके पडल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, समद्या गावाला ठाऊक असून कुनी बोललं न्हाई, मग मी कोर्टात बोलायला कशाला भिऊ. सोमवारी साक्ष आहे.

तुमचा,
सावळाराम

ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. मामाने जाता जाता विचारले, मग ती अश्विनी कुणाची? घाबरलो की माझ्या तोंडात आधी तुमचे नाव येते. तो बाजाराच्या दिवशी तुमच्याकडे येईल. तुम्हाला दोन्ही मुलगेच, त्यामुळे खरे बोललात तरी चालेल. पोटभर जेवू घालावे आणि जमल्यास सोमवार उलटेपर्यंत ठेवून घ्यावे.

आणखी एक. आंतरदेशीयाचा डिंक धरेना, म्हणून जानकूकडे चिकटवायला नेले. चिकटवण्याआधी त्याने सगळे वाचले. म्हणाला, "दादा, मी काय बी वाचलं न्हाई. पन सोमवारी आमी समदी जीप करून येतोय. बघ्यांनी बाहेर थांबायचं व्हय? मग बाहेरच बसू की, दाराला पाठ लावून."