तिसरी तार

सोलापूर,
ता. २३ ऑक्टोबर १९७८

तीर्थस्वरूप बसवराज अण्णास,

जगदेवीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. जिना चढताना अव्वाचे गुडघे दुखतात, पण शेजारणीशी भांडायला तोच जिना झपाझप उतरते, तेव्हा काळजी नको. ग्लासगोत थंडी पडली असेल. स्वेटर अंगात घाल, ट्रंकेत ठेवून त्याला ऊब देऊ नकोस.

तू पाठवलेला इलेक्ट्रिक ऑर्गन झकास वाजतो. चनबसप्पा मास्तरांनी मला ऑर्केस्ट्रात घेतलं ते त्याच्याच जोरावर, हे मला कळतं. आधी ते सिनेमातलीच गाणी म्हणायला लावायचे. मग एकदा गिरणीच्या भोंग्यावर मी केलेलं गाणं म्हटलं, तर लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. येत्या रविवारी सात रस्त्याच्या चौकात कार्यक्रम आहे, त्यातली निम्मी गाणी माझी आहेत. तू त्या मोराग नावाच्या स्कॉटिश पोरीबद्दल लिहिलं होतंस ना, चहाच्या हॉटेलात असलाच ऑर्गन वाजवत स्वतःची गाणी म्हणायची आणि आता तिची रेकॉर्ड निघाली म्हणून? ते पत्र मी इतक्यांदा वाचून दाखवलं की अव्वा आता ‘आपली मोराग’ म्हणते.

अण्णा, मला रविवारची भीती वाटते.

गाण्याची नाही. तुला एक विचारायचंय. ऑर्गनच्या प्लगला तिसरी तार कशासाठी असते? इथल्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून मास्तरांच्या वायरमननं ती कापून टाकली. बरेच महिने काही झालं नाही.

पुढचं लिहू नकोस म्हणून अव्वानं बजावलंय. पण तुला नाही तर कुणाला लिहू?

खंडेनवमीला कार्यक्रमाआधी वाद्यांची पूजा केली. नारळ फोडला, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. ऑर्गन चालूच होता. वाद्यांपुढे चपला चालत नाहीत, त्यामुळे सगळे अनवाणी. मी ओल्या हातानं ऑर्गनला नमस्कार केला आणि तो हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं माइक धरला. हात सुटेना. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. समोर लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं सुरुवातच अशी आहे. ढोलकीवाल्या हणमंतनं वायर उपटली म्हणून वाचले. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत.

अव्वा म्हणते, पूजेत काहीतरी राहिलं, देवी कोपली. मला वाटतं दोष त्या तारेचा. पण छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि भीती त्याचीच जास्त आहे. परवा तर घरातल्या दिव्याचं बटणसुद्धा मी लाटण्यानं दाबलं. हसू नकोस.

मास्तरांना म्हटलं, तार जोडून घ्या. परदेशी यंत्र उघडलं की बिघडतं, म्हणाले. मग म्हटलं, निदान रबरी चपला तरी घालू द्या. तर म्हणाले, “वाद्याफुडं चपला? लोक थुकतील की तोंडावर. भ्या वाटत असंल तर ऱ्हाऊ दे, तुजी गाणी मीनाबाई म्हनंल.”

माझी गाणी दुसऱ्याच्या तोंडी जाणार म्हणून आधी संताप आला. मग ध्यानात आलं, मीनाबाईही अनवाणीच उभी राहणार, त्याच यंत्रापुढे. तिची दोन पोरं लहान आहेत. आणि पूजा ती माझ्याहून मनोभावे करते, यंत्राला ओल्या हातानं नमस्कार केल्याशिवाय राहायची नाही.

तेव्हा मीच उभी राहणार. पायात रबरी चपला घालून, साडी खाली सोडून. कुणी पाहिलं आणि खाली उतरवलं तर उतरेन. पण चपलेनं खरंच निभावतं का रे? विचारायला इथे कुणी नाही, आणि तुझं उत्तर येईपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल.

तरी उत्तर लिही. दरवेळी तू पाकिटावर अव्वाचं नाव घालतोस. या वेळी माझं घाल. ते मला माझ्या हातानं फोडायचंय.

तुझी धाकटी,
जगदेवी