घरचं काहीतरी सांग

४ सप्टेंबर

पोचले. एवढंच लिहून वही मिटावी इतकी दमले आहे, पण रोजनिशी लिहीन असा आईला शब्द दिलाय. तिला सहीपुरतीच अक्षरं येतात, तेव्हा ही वही ती वाचणार नाही. परत गेल्यावर मीच तिला पहिल्या पानापासून वाचून दाखवायची, असं ठरलंय.

शिष्यवृत्तीवाल्यांनी ज्यांच्याकडे राहायची सोय केली ते कुटुंब बसथांब्यावर माझ्या नावाची पाटी धरून उभं होतं. बाईंनी मला माहेरवाशिणीसारखं पोटाशी धरलं. मनातल्या मनात त्यांना काकू आणि त्यांच्या नवऱ्याला काका म्हणायचं ठरवून टाकलं. काका टपालखात्यातून निवृत्त झालेत. माझी बॅग उचलताना म्हणाले की जन्मभर पार्सलं वाहिली, पण बोलणारं पार्सल हे पहिलंच. इथली भाषा तीन वर्षं वाचनालयात बसून शिकले होते. नव्या चपलेसारखी अजून चावते, पण चालता येतं.

घर अरुंद आहे आणि तीन मजली. जिना इतका उभा की पायरी पायरीला नमस्कार घालत चढावं लागतं. माझी खोली सगळ्यात वर. तळाशी कपडे धुण्याचं दुकान असल्यामुळे खिडकीतून साबणाची ऊबदार वाफ येते. स्वयंपाकघरात आकड्यांना सहा कप टांगलेत. पाच आधीच्या विद्यार्थिनींचे, सहावा कोरा करकरीत माझा.

त्यांची एक मुलगी आहे, माझ्याच वयाची. सगळे तिला धाकटी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ताप डोक्यात गेला आणि मागचं सगळं पुसलं गेलं, असं काकूंनी सांगितलं. आईवडील कोण हेसुद्धा तिला सांगून कळलंय. स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी बसते. चेहरा पाटीसारखा कोरा. फार वाईट वाटलं.

भाडं नाही, कामही नाही. एकच रिवाज. संध्याकाळी सहाला सूप वाढलं की घासाआधी मी माझ्या घरचं काहीतरी सांगायचं. असं ऐकलं की पोरीला हुशारी येते, काकू म्हणाल्या. मला हसूच आलं. माझ्या तोंडाचा पट्टा थांबवायला घरी दादाला पैज लावावी लागते.

७ सप्टेंबर

आज बाबांचं सांगितलं. बसस्थानकाच्या जिन्याखाली ते पेटी मांडून बसतात आणि किल्ल्या करतात. मांडीवर कानस, कानावर पेन्सिल. किल्ली झाली की फुंकर मारून पितळेचा भुसा उडवतात आणि एक शीळ घालतात, तीन सूर वर, एक खाली. ती शीळ ऐकली की गिऱ्हाईक न सांगता खिशात हात घालतं. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिलीच, त्या दिवशी त्यांनी मला एक किल्ली करून दिली. कुठलं कुलूप, विचारलं तर म्हणाले, किल्ली मी दिली, कुलूप तू शोध. ती माझ्या कंपासपेटीत आहे.

धाकटीने चमचा खाली ठेवला होता आणि तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. मोरीपाशी भांडी घासणाऱ्या बाईच्या हातून बशी निसटली. ती बाई इथेच राहते, कुणाशी बोलत नाही.

धाकटीने माझ्या भाषेची अक्षरं शिकायची म्हटलं. रोज चार शिकवणार आहे. विद्या दिल्याने वाढते, असं आमच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या. मला पुढे शाळाच काढायची आहे. इथूनच सुरुवात झाली म्हणायची.

१५ सप्टेंबर

वर्ग जोरात चालू आहेत. शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक भरभर बोलतात, पण मी सगळं उतरवून घेते.

आज दादाचं सांगितलं. नववीत शाळा सोडून तो छापखान्यात लागला, का, तर दोघांची फी जमेना. माझ्या परीक्षेच्या दिवशी सायकल पंक्चर झाली तेव्हा त्याने सायकल तिथेच टाकली आणि मला पाठुंगळीला घेऊन दोन मैल पळाला. केंद्राच्या दारात मला उतरवून म्हणाला, मास्तरीणबाई, घाम माझा, मार्क तुमचे. तेव्हापासून घरात माझं नाव मास्तरीण.

धाकटीच्या गालांवर रंग येऊ लागलाय. अक्षरंही झपाट्याने उचलते. आज पुस्तक आवरताना ती शीळ घालत होती, तीन सूर वर, एक खाली. गोड चाल आहे. कुठे शिकलीस विचारलं, तर तिने तीच शीळ पुन्हा घातली.

२३ सप्टेंबर

रविवार. घरी फोन. आईशी बोलत होते, मध्येच कुणीतरी पुरुष फोनवर आला आणि मास्तरीणबाई, तिकडच्या पोरांनाही छडी दाखवता की नाही, म्हणून विचारू लागला. आपण कोण, असं मी अदबीनेच विचारलं. तो खो खो हसला. मग आईपण हसली. मी त्याची थट्टा करतेय असं दोघांना वाटलं. मग मास्तरीण, बरी आहेस ना, असं हळूच म्हणाला.

फोन ठेवल्यावर वही चाळली. १५ तारखेच्या पानावर दादा आहे. ७ तारखेच्या पानावर बाबा आहेत. अक्षर माझं. पण वाचताना दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचल्यासारखं वाटतं. पाठुंगळीला बसल्यावर घामाचा वास आला असेल, शर्ट ओला लागला असेल. तसलं काही हाताला लागत नाही.

नंतर खाली गेले तर धाकटी काकांना सांगत होती, दादा असा पळत होता, की शर्ट ओलाचिंब. मी शर्टाबद्दल बोललेच नव्हते.

१ ऑक्टोबर

विद्यापीठातल्या अधिकारी बाईंना भेटले. घरचं विसरायला होतंय, असं सांगितलं. त्या हसल्या. बाकीच्या मुली घर विसरता येत नाही म्हणून रडत येतात, तू पहिलीच उलटी. वसतिगृहात सत्र संपेपर्यंत जागा नाही, आणि त्याआधी घर सोडलं तर शिष्यवृत्ती जाते. नीट जेव, झोप, म्हणाल्या.

रोज सहाला सूप येतंच. गप्प बसले तर तिघंही चमचे न उचलता बसून राहतात. सूप गार होतं. कुणी रागावत नाही. मग मीच काहीतरी सांगते. छोटंसं. दाराची कडी कशी वाजते एवढंच. आता ती कशी वाजते ते विचारू नये.

एक गोष्ट सांगणार नाही. आईला सही कशी शिकवली ती. या वहीतसुद्धा लिहिणार नाही. तेवढी माझी.

६ ऑक्टोबर

काका-काकू बाहेर गेले होते. भांडी घासणारी बाई पहिल्यांदा बोलली. हात साबणातच. तिसऱ्या कपाकडे मान करून म्हणाली, तो माझा. पूल बांधायला शिकायला आली होती. आता कुठे परत जायचं ते माहीत नाही, म्हणून राहिली. तिचं सगळं धाकटीत टिकलं नाही, सहा महिन्यांत विरून गेलं. चौघींचं तसंच झालं. तुझं टिकतंय, म्हणाली. तू फार जीव ओतून सांगतेस.

काय करू, विचारलं. म्हणाली, खोटं सांग.

मी घरी कधी खोटं बोलले नाही. बोलले असेन तर आठवत नाही, हेही खरंच.

९ ऑक्टोबर

काल खोटं सांगितलं. माझी एक आत्या, तिची आमराई, आमराईत झोपाळा. मला आत्या नाही. निदान वहीत तरी नाही.

आज सकाळपासून धाकटी तापाने फणफणलीय. पोटात काही ठरत नाही. काकू ओरडल्या नाहीत. तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत, माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, नासकं वाढलंस, पोरी.

११ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. धाकटीने डोळे उघडून मला विचारलं, ताई, मी कोण होते. इतक्या बारीक आवाजात.

ती बिचारी. तिचा काय दोष.

मी जागेवरून उठू शकले असते. बॅग भरलेली होती. पण काकू जिन्यात बसून तोंडात पदरासारखा टॉवेल कोंबून रडत होत्या. मी आत गेले. धाकटीचा हात धरला आणि खरं सांगितलं. गल्ली, शेजारी, शाळा, आमच्या बाई. एकामागून एक. थांबताच येईना —

१२ ऑक्टोबर

धाकटी बरी आहे. दोनदा सूप मागून घेतलं.

कंपासपेटीत एक पितळी किल्ली सापडली. कुठल्या कुलपाची कोण जाणे. खाली नेऊन विचारलं. धाकटीने ती हातात घेतली, फुंकर मारली, शीळ घातली. मग स्वतःच्या खिशात टाकली. माझ्या बाबांची आहे, म्हणाली.

माझ्या भाषेत म्हणाली.

१४ ऑक्टोबर

रविवार. फोन वाजला. मी जिन्यात होते, वरच्या पायऱ्यांवर. धाकटीने उचलला. हो आई. जेवले आई. दादाला सांग, छडी दाखवते रोज.

पलीकडून आई हसल्याचा आवाज इथपर्यंत. किती दिवसांनी अशी हसली. मी धावत खाली — फोन हिसकावला — आई, ही मी नाही, मी मी आहे —

आईने विचारलं, कोण बोलतंय. माझ्या मुलीला द्या.

१६ ऑक्टोबर

बॅग जिन्यापाशी आहे. माझी, पण आत धाकटीचे कपडे. शनिवारचं तिकीट. सुट्टीला घरी जातेय, म्हणाली. काकू कपाटातून लोकरीचं काही काढून तिला घालून बघतात. रडतात. हसतात. हीसुद्धा आईच —

स्वयंपाकघरात गेले तर भांडी घासणारी बाई बाजूला सरकली. मोरीपाशी दोघींपुरती जागा झाली.

नाही. एक गोष्ट आहे अजून माझ्याकडे. ती दिलेली नाही. तेवढी नेऊन आईपुढे धरली तर आई ओळखेल. पण ती सकाळपासून पातळ होतेय — कडेने — लिहून ठेवायला हवी. वही तरी —

शुक्रवार असावा

लिहिते. भरभर.

दुपार होती. आईने पाटी मांडीवर घेतली. मी तिच्या मागे बसून तिचा हात धरला. हात खरखरीत. म्हणाली, म्हातारपणी काय शिकवतेस, लोक हसतील. पहिलं अक्षर काढलं. पाय तुटका आला. मग दुसरं —

मागे कुणीतरी उभं आहे. साबणाचा वास नाही, म्हणजे भांडीवाली नव्हे. वाचतंय. माझ्या अक्षरांवरून बोट — चार-चार करून मीच शिकवलेली —

दुसरं अक्षर काढताना आईने जीभ दातांत धरली. मग तिने मान वळवली आणि —

मी अजून लिहिलं नाही ते ती वाचतेय. मोठ्याने. माझ्या पुढे एक ओळ. ती म्हणते, मग मी लिहून घेते. मान वळवली आणि म्हणाली, मास्तरीण, आता मी तुला पत्र —

बाईने सही पुरी केली. बाईचे डोळे भरून आले. मांडीवर पाटी आहे. चांगली बाई दिसते. तिचा हात कुणीतरी धरलाय, मागून, एका मुलीने —

ही बाई कोण, ते मागच्या पानांवर कुठेतरी लिहिलं असेल, बघते, पहिल्याच पानावर बहुतेक, कुणाला तरी वाचून दाखवायचं असं काहीतरी ठर