कपारीतला हंसराज

सर,

१. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, दरेकसाच्या ओढ्याकाठच्या खडकातून मी हंसराज नेच्याचा एकुलता एक झुपका मुळासकट उपटला.
२. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. तुम्ही विचारलंत, "उगवला का?" मी हो म्हटलं. तो उगवला नव्हता.
३. त्या दिवाळीआधी तुम्ही गेलात.
४. गेल्या रविवारी तो सापडला.

तुमचा नियम साधा होता: कडेखाली बीजाणू धरलेलं एकच पान ब्लेडनं कापायचं, मुळाला हात लावायचा नाही. मला नमुना पूर्ण हवा होता. काळा चकचकीत देठ, अर्धचंद्रासारख्या पर्णिका, पाणी टाकलं तरी न भिजणाऱ्या. मुर्री गावातल्या तुमच्या घरी तुम्ही वर्तमानपत्राची घडी उघडलीत. "मुळी कायले उपटली वो पोरी? पान आन म्हनलो होतो, सारं घरच उचलून आनली!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गवतासाठी पोरीले कायले रडवून राहिले जी?" मी रडत नव्हते. तुम्ही त्यांना म्हणालात, "गवत नोको म्हनू त्याले."

वर्षभरानं त्याच घरात तुम्ही खाटेवर आहात. आठवड्यापूर्वीच मी जाऊन आले आहे. कपार ओली आणि रिकामी. तरी मी नुसतं हो म्हणून थांबत नाही, "चार पानं आहेत," असंही सांगते. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहता आणि काकूंना सांगता, "हिले चहा दे, दूध जास्त घाल."

त्यानंतर दर ऑगस्टला मी गेले. कपारीशेजारी मीच लाल रंगाची खूण केली होती. तिथं पाहायचं, वहीत 'नाही' लिहायचं, परतायचं. रविवारी रानात अळंबी शोधणारी एक बाई थांबली. "दरसाली त्या भोकातच काय पाहून राहिली वो? वरतं पाह्य ना!"

खुणेपासून दोन हात वर, पुढे आलेल्या खडकाच्या सावलीत, सतरा पानं. या जातीच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं लांबतं, वाकतं आणि ओल्या फटीत टेकलं की तिथं मूळ धरतं. उन्हाळ्यात सगळं वाळून जातं, पावसात पुन्हा फुटतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आता शिकवतेही. पाहत मात्र खुणेकडे राहिले. मी उपटण्याआधीच एखादं टोक वर रुजलं असावं. सिद्ध करता येणार नाही. बीजाणूंपासूनही आला असेल. या वेळी पान घेतलं नाही, फक्त फोटो काढला. स्टेशनवर भजी घेतली आणि सगळी संपवली.

हे पत्र काकूंनाही दाखवणार नाही. येत्या रविवारी विद्यार्थ्यांना तिथं नेते आहे. ती खूण कसली, ते विचारतील. तुम्हाला माझं खोटं तेव्हाच कळलं होतं का? कळलं नसावं, अशी माझी इतकी वर्षं इच्छा होती. आता वाटतं, कळलं असेल तर बरं.

शनिवारपर्यंत कळवा.