रिकाम्या माळाचं माप

जवळा बाजार,
१२ फेब्रुवारी २००५

प्रिय पुजा,

तुझ्या एका भोवत्या पाखराच्या एका रात्रीच्या मुक्कामाला खरा खर्च किती येतो, ते परवा मांडून पाहिलं. त्यांनी ओकलेल्या जुन्या गोळ्या तू डब्यात ठेवून गेली होतीस. त्या भिजवल्या आणि तू शिकवलंस तसे नाकतोड्यांचे जबडे मोजले. एका पाखराला दिवसाला शंभराच्या आसपास नाकतोडे लागतात. तेवढे नाकतोडे पोसायला गुडघाभर गवत लागतं, आणि गवताला भादव्यातले तीन चांगले पाऊस. यंदा एकच आला, तोही धूळ बसण्यापुरता.

घरी बरं आहे. याडीचे गुडघे धरतात, पण जीभ बराबर चालते. तुझं पत्र मी वाचून दाखवलं तर म्हणाली, पाखरांचं सगळं लिहिलं, पोरगी जेवती का ते आईला कुठं लिहिलं. तांडा अर्धा रिकामा आहे, मुकादम प्रेमदासची माणसं ऊसतोडीला गेली. ती गेली म्हणून तांडा संपला असं कोणी म्हणत नाही. पोट जिकडं भरतं तिकडं माणूस जातो. तुझी पाखरंही तशीच, असं तूच एकदा म्हणाली होतीस.

शहाण्णव सालचा हिवाळा मला आठवतो. मी जन्मभर ह्या भोवत्या पाखरांना घारीच समजत होतो. तू मला माळावर बसवलंस आणि म्हणालीस, बा, ही हिमालयापल्याडून येतात. दिवस मावळताना एकेक करून गवतात उतरली, दोनशेच्या वर. पण मला माळ आधी कानानं कळला. नाकतोड्यांची करकर इतकी, की तू शेजारी बसून काय सांगून राहिली ते ऐकू येत नव्हतं. पुढं तीन वर्षांखाली डेहराडूनला शिकायला जाताना तू दुर्बीण आणि वही माझ्याकडं दिलीस. डिसेंबर-जानेवारीच्या साठ संध्याकाळी बसायचं, किती उतरली ते लिहून कळवायचं.

तुझे सर तांड्यावर आले तेव्हा त्यांनी तुला हळूच विचारलं होतं, वडिलांच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा ना. मी ऐकलं. म्हटलं, साहेब, हमाल होतो, मापाडी झालो, आता माझी अडत आहे. धान्य ओलं का वाळलेलं, ते पारड्यात पडल्याच्या आवाजावरून सांगतो. तीस वर्षांत नेमसिंगचं माप कोणी फिरवून घेतलं नाही. ते हसले आणि चहा प्याले. तूही हसलीस. फार बरं वाटलं होतं.

आता तू लिहितेस, प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, यंदाचे आकडे काहून आले नाहीत. आणि लिहितेस, पाऊस हटला, गवत घटलं, तरी आपल्या माळावर संध्याकाळी सरासरी अडतीस पाखरं टिकून आहेत, ह्याचं तिकडं सगळ्यांना नवल वाटतं. म्हणून पुढच्या अभ्यासासाठी त्यांनी हाच माळ धरला, आणि तू दर हिवाळ्यात तीन महिने घरी राहशील. याडीनं तुझी खोली सारवून ठेवली आहे.

मापाड्याची एक रीत तुला ठाऊक आहे. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. शून्य तर कोणी तोंडातून काढत नाही. पारडं रिकामं असलं की मापाडी गप्प बसतो, नोंद होत नाही. ज्या संध्याकाळी पाखरू उतरलं नाही त्या संध्याकाळी मी वही मिटून घरी आलो. पहिल्या वर्षी ही नुसती सवय होती. दुसऱ्या वर्षी याडी म्हणाली, रोज रिकाम्या हातानं येता, मग पोरीला एवढी पाखरं कुठून लिहून राहिले तुमी. तेव्हा मला कळलं, रिकाम्या संध्याकाळी गाळल्या की सरासरी फुगते. तरी मी तसंच चालू ठेवलं. दुसरं काही नाही, तुझ्या सरांनी दुसरा माळ धरला तर तू तिकडं राहशील, एवढंच मनात होतं.

यंदा साठही संध्याकाळी बसलो. कान देऊन बसलो. नुसता वारा होता. वाईट वाटावं असं वाटलं, पण तेही फारसं वाटलं नाही. काल मात्र तुझं पत्र परत वाचलं. जे खोटं आहे ते तुझ्या नावानं छापून येईल, आणि पुढं कोणी ते खरं धरून चालेल. म्हणून हे पत्र. खोली सारवलेली राहू दे, याडीला मी सांगेन. सरांना हे पत्र दाखव. वही सोबत पाठवली आहे. राहिलेल्या तारखांपुढं मी आता शून्य घातलं आहे. यंदाचा धरून मागच्या तीन हिवाळ्यांत मी एकशे ऐंशी संध्याकाळी माळावर बसलो. त्यातल्या एकशे अठ्ठावीस तुला कळवल्याच नाहीत.

तुझाच,
बा