निसिमच्या दुकानाचा नवस

बर्नाबी,
१४ जानेवारी २०२५

चि. निसिम यास,
एव्हलिनबायचे अनेक आशीर्वाद व शालोम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. साठी उलटली तरी तुझं अक्षर काही सुधारलं नाही. माझ्या केव्हिनला मराठी वाचता येत नाही म्हणून बरं, नाहीतर आपल्या मामाची लाज वाटली असती त्याला. पण तू पत्र लिहितोस याचाच मला आनंद. फोन कानाशी नेला की माझं ऐकायचं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू बोलतोस एक, मी ऐकते भलतंच.

दुकानाचं वाचून जेवण गोड लागेना. भाडं आधीच वाढलेलं, त्यात मालकाने प्रॉपर्टी टॅक्सही तुझ्याच गळ्यात घातला. एवढ्या कष्टांनी उभी केलेली बेकरी अशी जाऊ द्यायची नाही. छोट्या दुकानांना टॅक्समध्ये सूट द्यायचं तुमच्या ऑल्डर हार्बरच्या काउन्सिलच्या मनात आहे, असं लिहितोस. मग सभेत जाऊन बोल. चारचौघांत तुझी दातखीळ बसते, ते मला लहानपणापासून माहीत आहे, पण या वेळी ती बसून चालणार नाही.

मी माझ्यापरीने नवस बोलले आहे. एलियाहू हन्नाबीला सांगितलं, तू नवसाला पावणारा प्रेषित, माझ्या भावाचं दुकान चालू दे, मी त्याच्या घरी जाऊन तुझ्या नावाने पोह्यांच्या मलिद्याचं ताट मांडीन. गुडघे कुरकुरतात, पण विमानात बसायला गुडघे लागत नाहीत.

अडिना आता पाण्यात काठ न धरता चालते हे वाचून डोळे भरून आले. अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती पुन्हा उभी राहील असं कोणाला वाटलं होतं? रिक्रिएशन सेंटरच्या त्या कोमट पाण्याच्या तलावाचे उपकार आहेत आपल्यावर. दुकान उघडण्याआधी तू बायकोला रोज तिथे नेतोस, ते कितीही बर्फ पडला तरी चुकवू नकोस.

कळावे. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बाय


ऑल्डर हार्बर,
६ मार्च २०२५

ती. बाय हिस,
निसिमचा शालोम. वि. वि.

तुझा नवस पावला. काउन्सिलने सूट मंजूर केली. टॅक्सचा मोठा भाग आता डोक्यावरून उतरेल आणि दुकान चालू राहील. मी सभेत बोललो, खरंच बोललो. प्रत्येकाला पाच मिनिटं देतात. बेकरी किती वर्षांची आहे, दोन मुली कामाला आहेत, हे सगळं सांगितलं. मग कमिटीच्या लोकांनी एकदोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं दिली. सूट द्यायला पैसा कुठून आणला ते काउन्सिल जाणे. शहराच्या खर्चात इकडेतिकडे काटछाट केली म्हणतात.

या आठवड्यात खारी पुरली नाही. मार्कहॅमहून एका ऑफिसची मोठी ऑर्डर आली आहे. तिथली मंडळी पुण्याची, त्यामुळे नानकटाईत खोट काढल्याशिवाय घेत नाहीत, पण घेतात.

अडिना बरी आहे. सध्या घरीच व्यायाम करते. बर्फातून ने-आण करण्याचा तिचा त्रास वाचतो.

मलिद्याची घाई करू नकोस. प्रवास लांबचा, आणि इथे अजून थंडी फार आहे. उन्हाळ्यात बघू.

बाकी ठीक. तुझी नजर आमच्यावर असू दे.

तुझा,
निसिम


बर्नाबी,
२३ मार्च २०२५

चि. निसिम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून टेबलाशी बसल्या बसल्या रडले. हन्नाबीने लाज राखली. पोहे, गूळ, वेलची सगळं मी इथून आणीन, फळं आणि नारळ तू बघ. तुमच्याकडचा नारळ खवट निघाला तर सगळ्या ताटाचं वाटोळं होईल, तेव्हा आधी फोडून, चाखून घे.

पण दोन गोष्टी खटकल्या. तुझ्या पत्राखाली अडिना नेहमी दोन ओळी लिहिते, या वेळी एक अक्षरही नाही. आणि सगळा जानेवारी जी बाई बर्फातून तलावावर गेली, तिला मार्चमध्ये घरी कशाला बसवलंस? नवस बोललेला माणूस मलिदा पुढे ढकल म्हणत नाही, आणि ज्याच्यासाठी बोलला तो तर मुळीच म्हणत नाही. काय आहे ते लिही.

कळावे. लोभ धरतोस तसा खरेपणाही धर.

तुझी,
बाय


ऑल्डर हार्बर,
८ एप्रिल २०२५

ती. वन्सं यांस,
अडिनाचा शालोम. वि. वि.

उजवा हात अजून साथ देत नाही, डाव्याने लिहिते आहे. अक्षर निसिमपेक्षाही वाईट आलंय, तेव्हा आता तुमची टीका माझ्या वाट्याला येऊ द्या.

तुमचं पत्र त्याने मला वाचून दाखवलं नाही. कोटाच्या खिशात होतं, मी वाचलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तलाव बंद झाला आहे, कायमचा. दुकानांना सूट द्यायला काउन्सिलने ज्या खर्चांवर काट मारली, त्यात आमचा तलाव होता. माझ्याबरोबर पाण्यात चालणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या आता आपापल्या घरी बसल्या आहेत.

आणखी एक सांगते, ते निसिमला ठाऊक नाही. काउन्सिलची सभा कॉम्प्युटरवर दिसते. तो पहिल्यांदाच बोलणार म्हणून मी कौतुकाने लावून बसले. फार छान बोलला हो. मग कमिटीतल्या एका बाईंनी त्याला सरळ विचारलं, की ही सूट द्यायची तर तलाव बंद करावा लागेल, तरीही तुम्हाला ती हवी आहे का? निसिम माईकपासून मागे सरला. मग पुढे होऊन म्हणाला, "येस. आय स्टिल नीड इट."

घरी येऊन सूट मिळाली एवढंच बोलला. तलाव बंद झाला तेव्हा, दुरुस्तीसाठी कुलूप आहे, थोड्या दिवसांनी उघडेल, असं सांगितलं. मी बरं म्हटलं. तेव्हापासून तो दुरुस्तीचं सांगतो आणि मी बरं म्हणते. आता वॉशरूमपर्यंत जायलाही मला भिंत धरावी लागते, आणि मी भिंत धरली की तो दुसरीकडे बघतो.

दुकान चालू दे, असं तुम्ही मागितलंत. ते चालतंय. माझं चालणं मात्र थांबलं. तुमच्या शब्दांत काही चूक नव्हती, वन्सं, आपल्या भाषेत दोन्हीला शब्दच एक आहे. तुमच्यावर राग नाही. पण मलिद्याच्या ताटापुढे बसून माझ्या तोंडून आमेन निघेल की नाही, ते आज सांगता येत नाही.

हे त्याला कळवू नका. तो मनातून आधीच खचला आहे.

पेसाहच्या सणाच्या शुभेच्छा. माझ्यावर माया करता, ती या पत्रानंतरही करा.

तुमची,
अडिना


बर्नाबी,
२९ एप्रिल २०२५

चि. निसिम यास,
आशीर्वाद. वि. वि.

अडिनाने सांगू नका म्हटलं होतं. मी सांगते आहे, आणि तिची माफी मी स्वतः मागेन. त्या दिवशीची सभा तिने घरी बसून पाहिली. काउन्सिलच्या बाईंनी काय विचारलं आणि तू काय म्हणालास, ते तिने तुझ्याच तोंडून ऐकलं आहे. दुरुस्तीची गोष्ट तू सांगतोस तेव्हा ती तुझी लाज झाकायला बरं म्हणते.

तू हो म्हणालास त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. दुकान बुडालं असतं तर तीही उघड्यावर आली असती. तुझ्या जागी मी काय म्हटलं असतं, कोण जाणे. पण तिच्याशी खोटं का बोललास? आईने आपल्याला गरिबीत वाढवलं, पण घरात एकमेकांपासून लपवायला शिकवलं नाही. मला तुझा फार राग आला आहे, आणि तुझी कीवही येते आहे.

टॅक्समध्ये दिलेल्या सुटीचा आणि बंद केलेल्या सेवांचा आढावा कमिटी जूनमध्ये घेणार, असं केव्हिनने काउन्सिलच्या वेबसाइटवरून मला वाचून दाखवलं. आधी बायकोशी बोल. मग तिथे जा, तिला घेऊन जा. नवस मी फेडणार, त्यात बदल नाही. पण घरात हे खोटं असेतो मी ताट मांडणार नाही.

कळावे. राग आहे तिथेच लोभही आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
बाय


ऑल्डर हार्बर,
२४ जून २०२५

ती. वन्सं यांस,
अडिनाचा शालोम. वि. वि.

तुम्ही माझा शब्द मोडलात. आधी वाईट वाटलं, आता नाही. पत्र वाचून निसिम माझ्यापुढे येऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी लगेच माफ केलं असं समजू नका. पुढचे काही दिवस मी त्याच्याशी बोललेच नाही, आणि त्याने मुकाट्याने ते सोसलं.

काल कमिटीची सभा झाली. मला व्हीलचेअरवरून नेलं. सूट मिळालेल्या दुकानदारांनी आपला फायदा सांगायचा होता. निसिमने तो खरा सांगितला, मग म्हणाला, की त्या दिवशी मी होकार दिला तेव्हा माझी बायको त्या तलावात चालायला शिकत होती, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. माझी सूट कमी करा, पण निदान सकाळपुरता तलाव उघडा.

त्यांनी आभार मानले. प्रश्न विचारणाऱ्या बाई तर डोळे पुसत होत्या. पण थंडीत तलाव रिकामा राहिल्याने पाइप फुटले आहेत, मशिनरी दुसऱ्या शहराला देऊन झाली आहे. तो आता उघडायचा नाही. शेजारच्या गावी आम्हाला नेण्यासाठी बस ठेवता येईल का, ते पाहणार आहेत. मी फार आशा ठेवलेली नाही. डॉक्टर म्हणतात, पाय जानेवारीत होते तसे होतील असं आता सांगता येत नाही. हे लिहिताना वाईट वाटतंच.

तुम्ही खुशाल या. मलिदा करू. नारळ मात्र निसिम खोवेल, मी नुसती बसून चुका काढीन.

परतताना गाडीत तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, की मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. शेवटी मी त्याला थांबवलं. बेकरीतली पहिली खारी माझ्या हातची होती, वन्सं. दुकान त्याचं एकट्याचं कधीच नव्हतं. मी म्हटलं, "सभेला जाण्याआधी मला विचारलं असतंस, तर मीच हो म्हटलं असतं."

घर आलं, त्याने गाडी बंद केली, माझ्या बाजूचं दार उघडलं. नेहमी न बोलता उचलून घेतो. काल दार धरून उभा राहिला आणि आत जायचं की थोडा वेळ बाहेर बसायचं, असं त्याने मला विचारलं.

कळावे. तुमचा जीव आम्हा दोघांवर सारखाच असू द्या.

तुमची,
अडिना